जेवणाचे कपडे बसून बघायचे

माझ्या मॅडमच्या ऑफिसात पाच खुर्च्या होत्या, पण नव्या गिऱ्हाइकाला त्यातल्या एकाच खुर्चीवर बसावं लागे. लाकडी, सरळ पाठीची, हात नसलेली; जेवणाच्या टेबलाशी असते तशी. तिच्यासमोर माणसाच्या उंचीचा आरसा होता. हैदराबादच्या दिलसुखनगरातलं एक साड्यांचं दुकान बंद झालं, तेव्हा मॅडमनी तो तिथून दोन माणसांकरवी उचलून आणला होता. आमची ट्रॅव्हल एजन्सी होती, पण भिंतीवर ना विमान, ना बर्फाचे डोंगर. जहाजाची चौकशी करायला आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत त्या आरशासमोर बसून हवेतला घास तोंडात घालत असे.

“हात वर न्या,” मॅडम सांगायच्या. “आता डावीकडं वळून शेजारच्याशी बोला. हसा जरा. बघा, बटणाला ओढायलंय ना? मग हा शर्ट नक्को.”

“पण उभं राहिल्यावर चांगला दिसतो,” गिऱ्हाईक म्हणे.

“उभं राहून जेवणार आहात का? जेवणाचे कपडे बसून बघायचे. दोन तास बसायचंय त्यात.”

मी त्यांच्याकडे चार वर्षं काम केलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून हैदराबादला आलो आणि कुकटपल्लीत राहू लागलो. मुलगी हॉस्टेलला गेली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मला घर खायला उठलं. ओळखीतून कळलं, की दिलसुखनगरला एक मराठी बाई जहाजाच्या सहली काढतात आणि पासपोर्ट-व्हिसाची कामं बघायला त्यांना कुणीतरी हवंय. मी नवी, अंगाबरोबर बसणारी, गळाबंद कुर्ती घालून मेट्रोनं मुलाखतीला गेले. खाली कोचिंग क्लास होता. जिन्यात पायरीपायरीवर बसलेली पोरं गणितं सोडवत होती. त्यांच्यातून वाट काढत वर पोचले, तर मॅडमनी माझी प्रमाणपत्रं उघडलीसुद्धा नाहीत. त्या खुर्चीवर बसवलं आणि घास घ्यायला लावला. खांद्याशी शिवण करकरली.

“पुण्यात बायका जेवत नाहीत का?” त्यांनी विचारलं.

मला राग आला. मी म्हटलं, “जेवतात. पण मुलाखतीला जेवायला बोलवत नाहीत.”

“हौ, ते बराबर आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि सोमवारपासून या म्हणून सांगितलं.

त्या दिवसापासून मी ‘पुणे’ झाले. “पुणे, ते पाकीट द्या.” “पुणे, जेवलात का?” चार वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

मॅडम तेव्हा साठीच्या होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या. त्यांचे आजोबा बिदरकडचे शेतकरी, वडील काचीगुडा स्टेशनात पार्सल ऑफिसला नोकरीला. मॅडमचं सगळं आयुष्य काचीगुड्यात गेलं. त्यांच्या मराठीत दखनी उर्दू अशी मिसळलेली, की कुठून काय सुरू होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खालच्या क्लासच्या मास्तरांशी तेलुगू, चहावाल्याशी दखनी, आणि माझ्याशी बोलताना मात्र त्या मुद्दाम जपून मराठी बोलत. पाच मिनिटांत ते जपणं सुटे आणि मग मजा येई.

त्या कायम सुती नारायणपेठी साडी नेसत, आणि पायांत पुरुषांसारखे काळे, नाड्यांचे बूट. मी एकदा विचारलंच. “चप्पल घातली की पायांना वाटतं घर जवळच आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या पायांना तसं वाटून चालत नाही.” ऑफिसच्या टेबलावर संगणकाशेजारी इस्त्री असे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या आपल्याच साड्या इस्त्री करत आणि इस्त्री करता करता फोनवर जहाजाच्या कंपनीशी भांडत.

सहली मात्र एकाच प्रकारच्या. फक्त प्रौढांसाठी असलेली जहाजं. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, आजूबाजूला बघून शोधलेलं होतं. त्यांच्या ओळखीतली सगळी साठीची जोडपी परदेश बघून आली होती, आणि कुणीच परदेश बघितला नव्हता. लेकीचं बाळंतपण, सुनेची नोकरी, नातवाची शाळा. सहा महिने अमेरिकेत राहून आलेल्या बाईला तिथला फक्त डिशवॉशर माहीत.

“नातवंडं सांभाळायला नेतात, त्याला प्रवास म्हणत नाहीत,” मॅडम म्हणत. “म्हणून मी असं जहाज काढलं, की जिथं लेकरं चालतच नाहीत. मग गळ्यात बांधतील कशी?”

एकदा एक मुलगा आला होता. आयटीतला, हसरा, आईबाबांचं तिकीट काढायला. सगळं ठरल्यावर म्हणाला, “मॅडम, ॲक्चुअली त्याच बुकिंगमध्ये आमच्या छोटीला ॲडजस्ट करता येईल का? आजीआजोबांना पण कंपनी होईल.”

“वय?”

“सहा.”

मॅडमनी डायरी उघडली, छोटीचं नाव विचारून नीट लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “बारा वर्षांनी या. जागा धरून ठेवते.”

तो हसला. त्या हसल्या नाहीत. डायरीत ते नाव खरंच लिहिलेलं होतं. मी नंतर बघितलं.

आता कपड्यांचं. जहाजाच्या कंपनीकडून जे कागद येत, त्यात संध्याकाळच्या जेवणाबद्दल एक परिच्छेद असे. वातावरण रिलॅक्स्ड आहे, सूट-टायची गरज नाही, मात्र पोहण्याचे कपडे, हाफ पँट आणि अनवाणी पाय जेवणाच्या हॉलमध्ये चालणार नाहीत. एवढंच. पण या परिच्छेदानं आमची गिऱ्हाइकं जेवढी हवालदिल होत, तेवढी व्हिसाच्या फॉर्मनंही होत नसत. निम्म्यांना वाटे, रिलॅक्स्ड म्हणजे घरचे कपडे. निम्म्यांना वाटे, हे गोरे लोक वरवर म्हणतात, तिथं गेल्यावर सगळे कोटातच असणार.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका पहिल्या गटातले. त्यांनी जहाजासाठी सहा फुलाफुलांच्या हाफ पँटी घेतल्या. मॅडमनी त्यांतली एक घालून यायला सांगितलं, खुर्चीवर बसवलं आणि आरशाकडे बोट दाखवून विचारलं, “समोरच्या बाईला काय दिसायलंय, सांगा.”

काकांनी आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं.

“गुडघे,” ते म्हणाले.

“हौ. आपले गुडघे आपल्याला माहीत असलेले बरे. दुसऱ्याच्या जेवणात कशाला?”

“रिलॅक्स्ड म्हणजे ढिलं नव्हं,” हे वाक्य त्या दिवसातून दहादा म्हणत. “आणि कडकही नव्हं. जे घातल्यावर आपण काय घातलंय ते विसरून जेवता येतं, ते रिलॅक्स्ड.” पुरुषांना चार कॉलरचे सुती शर्ट, दोन पँटी, बंद बूट. बायकांना ज्यात त्या रोज वावरतात तेच, फक्त बरं. साडी तर साडी, सलवार तर सलवार. आणि एक शाल. शालीवर त्यांचा फार कटाक्ष. त्याचं कारण त्यांनी मला एका दुपारी सांगितलं.

सुरुवातीची तीन वर्षं त्या स्वतः कधी जहाजावर गेल्याच नव्हत्या. समुद्रही धड बघितला नव्हता. लोकांना पाठवायच्या आणि ते परत आले की घरी जाऊन एक वही उघडून बसायच्या. जेवायला काय घातलं होतं? शेजारच्या टेबलावर काय होतं? कोण अवघडलेलं दिसलं? असं विचारून विचारून तीन वह्या भरल्या. त्या भरवशावर त्या पुढच्या गिऱ्हाइकांना असं ठासून सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई जहाजावरच जन्मल्या. चौथ्या वर्षी पहिल्यांदा गेल्या. “सगळं वहीप्रमाणं निघालं, पुणे. एकच गोष्ट कुणी सांगितली नव्हती. एसी. जेवणाच्या हॉलात असली थंडी, की मी टेबलाच्या कापडाचं टोक मांडीवर ओढून घेतलं.” तेव्हापासून शाल.

त्यांचे यजमान कधीच बरोबर येत नसत. त्यांना सिटी बस लागायची. टँकबंडाच्या तलावात एकदा बोटीत बसवलं, तर मधल्या बुद्धाच्या पुतळ्यापर्यंत जाईतो त्यांचा चेहरा हिरवा झाला होता. मॅडम जहाजावर असल्या की ते घरी एकटे स्वयंपाक करून आनंदात राहत.

त्यांच्या घरी मी एकदाच जेवले. काचीगुड्यात स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि गच्ची. साडेसातला मॅडम उठल्या, आत गेल्या आणि तोंड धुऊन, धुतलेली साडी नेसून, केस नीट करून आल्या. यजमानही इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला वाटलं, कुठं बाहेर निघालेत. पण दोघं पाटावर बसले आणि ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, ठेचा असं जेवण सुरू झालं.

“रोज?” मी विचारलं.

“रोज,” यजमान म्हणाले. “पस्तीस वर्षं झाली. मला सवय लागायला पाच गेली.”

मॅडमनी भाकरी मोडली. “माझे वडील कायम ड्यूटीच्या खाकी कपड्यांत जेवायचे. अर्ध्या जेवणात बोलावणं यायचं, उठून जायचे. ते आरामात मांडी घालून, आपल्या स्वतःच्या कपड्यांत जेवलेले मला आठवतच नाहीत. तेव्हा ठरवलं, दिवसाचे कपडे ताटावर आणायचे नाहीत.” एवढं बोलून त्यांनी मला भाजी वाढली आणि विषय बदलला.

मॅडम चुकत नसत, असं त्यांचं मत होतं, आणि हळूहळू माझंही झालं. मी त्यांच्याकडून कपड्यांकडे बघायला शिकले, फोनवर आवाज न चढवता भांडायला शिकले आणि चुकण्याची भीती घालवायलाही शिकले. पण एकदा त्या चुकल्या. ती सहल माझी शेवटून दुसरी.

निघायच्या आठ दिवस आधी त्या सगळ्यांना भरलेल्या बॅगा घेऊन ऑफिसात बोलवत आणि एकेक बॅग टेबलावर उघडत. लोक निमूट उघडू देत. नको ते कपडे त्या बाहेर काढून ज्याचे त्याच्या हातात देत. त्या वेळी बारा जण होते, सहा जोडपी. कुणाचा मुलाच्या लग्नातला कोट निघाला, कुणाची पैठणी, एका कुलकर्णीकाकांची तर शेरवानी निघाली. हाफ पँटवाले काकाही परत आले होते, या वेळी थ्रीपीस सूट घेऊन. मॅडमनी सगळं काढलं. हशा चालला होता.

मग बिरादारकाकूंची बॅग आली. दिलसुखनगरातच राहणाऱ्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या बाई. यजमान वीज खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे दोघं उदगीरकडचे. बॅगेत तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. मॅडमनी फडकं सोडलं. आत डाळिंबी रंगाचा बनारसी शालू. जुना, जड, भरगच्च जरीचा.

“हे कशाला, काकू?” मॅडम म्हणाल्या. “जहाजावर कुणाचं लगीन लागायलंय का?”

सगळे हसले. काकूही हसल्या. “बरोबर आहे तुमचं,” असं म्हणून त्यांनी शालू परत फडक्यात बांधला आणि मांडीवर घेऊन बसल्या. काका कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी काय निघालं ते बघितलंही नाही.

आम्ही सिंगापूरहून निघालो. पाच दिवसांचं जहाज. पहिल्या दोन संध्याकाळी मॅडमच्या मनासारख्या गेल्या. आमचं टेबल खिडकीशेजारी होतं. आमचे लोक सुती साड्यांत आणि साध्या शर्टांत निवांत बसले होते. बाकीच्या टेबलांवरची मंडळीही तशीच होती. पँटीबाहेर सोडलेले ढगळ शर्ट, साधे झगे, अंगावर शाली. सातच्या सुमाराला सूर्य पाण्यात जाई आणि कुणी कुणाकडे वळून बघत नसे. मॅडम टेबलाच्या टोकाशी बसून समाधानानं सगळ्यांवरून नजर फिरवत.

तिसऱ्या संध्याकाळी बिरादारकाका एकटेच आले. “तिचं डोकं दुखायलंय,” ते म्हणाले आणि मेनूकार्ड उघडलं.

मॅडमनी मला खूण केली. “दुपारी तर गच्चीवर सगळ्यांबरोबर हसत होत्या. बघून या.”

मी खाली गेले. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग कडी निघाली आणि काकू समोर उभ्या होत्या. तो शालू नेसून. केस घट्ट बांधलेले, कपाळाला कुंकू, हातांत हिरव्या बांगड्या. त्यांनी मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

“ह्यांना म्हटलं तुम्ही फिरून या गच्चीवर, मी तयार होते. मग फोन करून सांगितलं डोकं दुखायलंय,” त्या म्हणाल्या. “तासभर झाला, नेसून बसले. आता सोडते.”

“कशाला सोडता? चला ना जेवायला.”

“नको. मॅडम बरोबर बोलल्या. सगळे साधे बसलेत, मी एकटीच नवरीवाणी जाऊ का?”

मग पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी सांगितलं. आवाज न बदलता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. शालू त्यांच्या लग्नातला. एकोणीस वर्षांच्या होत्या. बारा वाजता नेसवला, पाचला सोडवला. सासूबाईंनी घडी करून ट्रंकेत ठेवला. दुसऱ्या वर्षी थोरल्या नणंदेचं लग्न निघालं. घरात असा एकच शालू होता, तिला नेसवला. मग मधलीला, मालतीला. मग धाकटीला. तिघींचे लग्नातले फोटो भिंतीवर आहेत, तिघी याच शालूत. काकूंच्या लग्नात फोटोवाला आलाच नव्हता. सासूबाई गेल्यावर ट्रंक उघडली, तेव्हा तो काकूंच्या हाती लागला. त्या वेळी त्यांचं वय अठ्ठावन्न.

“घरातल्या लग्नात नेसावा म्हटलं, तर तिघी तिथं असतात. एक म्हणणार, वैनी, हा माझा शालू. दुसरी म्हणणार, माझा. खोटं नाही ना त्यांचंही. म्हटलं, जिथं ओळखीचं कुणी नाही तिथं एकदा नेसून जेवायला बसावं. मॅडमनी काढला होता. मी घरी जाऊन परत भरला.” त्या थोड्या हसल्या. “नेसले. आरशात बघितलं. झालं की.”

मी त्यांना म्हटलं, “दहा मिनिटं सोडू नका,” आणि वर आले.

मॅडमना हॉलच्या दाराशी बोलावून सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

“त्यात बसता येतंय का त्यांना?” त्यांनी विचारलं.

“तासभर बसल्याच आहेत.”

“चुकलं माझं,” मॅडम म्हणाल्या. चार वर्षांत हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले. “चारचौघांत हसले मी त्यांना. विचारायला पाहिजे होतं, की काकू, कशाला आणलाय. विचारलंच नाही.”

मग त्या टेबलाशी गेल्या. सूप यायचं होतं.

“मी काढायला लावलेले कपडे ज्यांनी परत बॅगेत भरून आणलेत, त्यांनी हात वर करा,” त्या म्हणाल्या.

हाफ पँटवाल्या काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच हात वर केला. मग त्यांच्या बायकोनं. मग एकेक करत अकरापैकी दहा हात वर झाले. बिरादारकाकांचाही. ते कसलासा सफारी घेऊन आले होते.

मॅडमनी हात मोजले. “म्हणजे इतकी वर्षं माझं कुणी ऐकतच नाही.”

“मॅडम, मी ऐकलं,” कुलकर्णीकाका दुःखानं म्हणाले. “माझी शेरवानी घरी आहे.”

“तुम्हाला हे कोट देतील,” मॅडमनी हाफ पँटवाल्या काकांकडे बोट केलं. “थ्रीपीस आणलाय ना? मग वास्कोट तुम्ही घाला, कोट ह्यांना द्या. उठा सगळे. जे चांगल्यात चांगलं असेल ते घालून वीस मिनिटांत या. का, ते विचारू नका. आणि बिरादारकाकूंना बघून कुणी तोंड उघडायचं नाही.” मग हॉलच्या मुख्य वाढप्याकडे वळून त्यांनी आपल्या इंग्रजीत सांगितलं, “ट्वेंटी मिनिट्स. ऑल कमिंग बॅक. बेटर.”

माझ्याही बॅगेत पैठणी होती. मी हात वर केला नव्हता. मॅडमनी माझ्याकडे बघितलं फक्त.

आम्ही दोघी खाली गेलो. काकू पदर खांद्यावरून काढायच्या बेतात होत्या. मॅडमना बघून त्या गडबडल्या. “सोडतेच आहे, मॅडम.”

मॅडम दारातच थांबल्या. “काकू, मी चुकले. आज हाच नेसून चला. वर सगळे नटायलेत.”

“कशाला?”

“तुम्ही एकट्या दिसू नये म्हणून. आता सगळं वऱ्हाडच आहे.”

मॅडम त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि त्यांच्या निऱ्या सारख्या करू लागल्या. जुनी जर कडक झालेली, निरी बसत नव्हती. गुडघे टेकून, नाड्यांचे बूट मागे वाकवून, एकेक निरी दोन बोटांत धरून त्यांनी ती बसवली. पदर सुपात जाऊ नये म्हणून टाचणी लावली. उठताना त्यांना माझा हात धरावा लागला.

“आणि तुम्ही?” काकूंनी त्यांच्या नारायणपेठीकडे बघून विचारलं.

“माझ्याकडं चांगलं काही नाही. मी कधी आणतच नाही.” मॅडम स्वतःच्या नियमाला पक्क्या होत्या. त्या संध्याकाळी साध्या कपड्यांत आमच्यातलं असं एकच माणूस होतं.

“मग तुम्ही माझ्या बाजूला बसा,” काकू म्हणाल्या.

हॉलात आमचं टेबल भरलेलं होतं. पैठण्या, कांजीवरम, कोट, एकाचा फेटासुद्धा. कुलकर्णीकाकांना कोट दोन्ही बाजूंनी अपुरा पडत होता, पण ते ताठ बसले होते. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक बघत होते, हसून माना हलवत होते. मुख्य वाढप्यानं मॅडमना विचारलं, आज काही खास आहे का?

“येस,” मॅडम म्हणाल्या. “डिनर.”

काकू टेबलाशी आल्या. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे कुणी तोंड उघडलं नाही. बिरादारकाका मात्र बायकोकडे बघत राहिले. आधी चेहऱ्याकडे, मग शालूकडे. भिंतीवरचा कुठला तरी फोटो त्यांच्या डोळ्यांपुढे आला असावा.

“हा मालतीचा ना?” ते म्हणाले.

मॅडमचा हात माझ्या मनगटावर आवळला गेला.

“नाही,” काकू म्हणाल्या. “माझा आहे. तिला नेसायला दिला होता.”

काका उठले, काकूंची खुर्ची मागे ओढली आणि त्या बसेपर्यंत धरून उभे राहिले. त्यांना ते नीट जमलं नाही, खुर्ची जरा जास्तच पुढे आली. काकूंनी ती आपली आपण सारखी करून घेतली.

त्या सहलीनंतर मॅडमनी बॅगा उघडणं सोडलं नाही. तेवढ्याच ठामपणे त्या कोट आणि पैठण्या बाहेर काढत. पण काढून झालं, की “पुणे, चहा सांगून येते” म्हणून स्वतः जिना उतरून खाली जात. चांगली दहा मिनिटं लावत. तेवढ्या वेळात लोकांनी काय परत भरायचं ते भरावं. वर आल्यावर त्या कुणाच्याही बॅगेकडे बघत नसत. कुणी प्रामाणिकपणे हातातला कोट तसाच घेऊन बसलं असेल, तर त्याला विचारत, “चहा अजून एक सांगू का?”

पुढच्या वर्षी नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही पुण्याला परत आलो. मॅडमचं ऑफिस अजून तिथंच आहे.

त्या संध्याकाळचं एक राहिलं. टोमॅटोचं लालभडक सूप आलं. काकू चमचा उचलून शेजारच्या बाईंचं काहीतरी ऐकत होत्या, ऐकता ऐकता हसल्या आणि चमचा हलला. थेंब नाही, चांगला ओघळ मांडीवरच्या जरीत पडला. मॅडमनी झटकन रुमाल पाण्यात बुडवला, मला म्हणाल्या, “मीठ, मीठ द्या इकडं,” आणि पुसायला वाकल्या.

काकूंनी त्यांचा हात धरून बाजूला केला.

“राहू द्या हो,” त्या म्हणाल्या. “आता कुणाला परत द्यायचाय?”

आणि त्यांनी सुपाचा पुढचा चमचा भरून घेतला.